मोतीला जरूर न्या, पण रतनगडावर नको
(वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं)

प्रश्न : आमची मोती गावठी कुत्री आहे. वय तीन वर्षं, वजन अठरा किलो. दिवाळीनंतर भंडारदऱ्याला जाऊन तलावाच्या कडेने रतनवाडी, तिथे तंबूत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी रतनगड असा बेत आहे. हाक मारली की ती लगेच येते, म्हणून जंगलात तिला मोकळं सोडावं असं आम्हाला वाटतं. काय काळजी घ्यावी?
– एक दांपत्य, चिंचवड

उत्तर : आधी रतनगडाचं. तो बेत सोडा. रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे आणि अभयारण्यात पाळीव कुत्रं न्यायचं नसतं. वाटेत कुणी अडवलं नाही तरी नेऊ नका. रतनवाडीकडून चढताना लोखंडी शिड्या लागतात. तिथे अठरा किलोची कुत्री उचलून चढणं तिच्या आणि तुमच्याही जिवावर बेतेल. शिड्या नसत्या तरी माझं उत्तर हेच असतं. कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांना लागतात. गीरमध्ये २०१८ साली सिंह मेले तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि आपल्याकडच्या कुत्र्यांत हा आजार नेहमीचा आहे. मोतीला लस दिलेली असेल. पण तिचा नुसता वासही भेकराला, सशाला, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला हुसकावायला पुरतो. निदान अभयारण्यात तरी या जिवांना कुत्र्यांपासून सुटका मिळावी, असं मला फार वाटतं.

आता मोकळं सोडण्याबद्दल. अभयारण्याबाहेरच्या रानातही सोडू नका. हाक मारली की येते हे सोसायटीच्या बागेत खरं असतं. झुडपातून ससा उठला की चांगली शिकवलेली कुत्रीसुद्धा हाक ऐकत नाहीत. शिवाय बिबट्या आहे. तुम्ही निघालात त्याच अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. म्हणजे बिबट्याच्या लेखी मोती हे रोजचं खाणं आहे. तिला दोन मीटरच्या दोरीवर ठेवा. गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस घाला, म्हणजे घसरली तर गळ्याला फास बसणार नाही. रांगेत ती मधे असू द्या, शेवटी नको. पहाटेच्या अंधारात आणि दिवेलागणीनंतर चालू नका. आणि मुक्काम कुठेही केलात तरी रात्री तिला तंबूबाहेर बांधू नका. पवनेच्या काठावर लोक राखणीला म्हणून कुत्रं बाहेर बांधून झोपतात, ते पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. तिला आत, तुमच्या पायाशी झोपवा.

दोरीचं आणखी एक कारण आहे. वाटेत शेळ्या, कोंबड्या लागतात. मोती नुसती खेळायला धावली तरी गाभण शेळी दचकून दरडीवरून पडू शकते, आणि त्या घराचं वर्षाचं गणित बिघडतं.

रतनगडाऐवजी लोणावळ्याहून तुंगार्ली तलावावरून राजमाचीकडे जाणारी कच्ची वाट धरा. राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी गाव साधारण पंधरा किलोमीटर आहे. पहिल्या खेपेला तिथवर जायचा हट्ट नको. चार-पाच किलोमीटर जाऊन परत फिरा. शनिवार-रविवारी त्या वाटेवर मोटरसायकली आणि जीपगाड्या फार असतात, मधला वार निवडा. मोतीसाठी दोन लिटर पाणी वेगळं घ्या. एवढ्या वजनाच्या कुत्रीला घरी दिवसाला लिटरभर लागतं, चालताना दुप्पट धरा. दर अर्ध्या तासाने थोडं थोडं पाजा. कातळावर हाताची मागची बाजू ठेवून पाहा. सात-आठ सेकंद ठेववत नसेल तर तिचे तळवेही भाजणार. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. धाप थांबेना, जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, की ऊन लागलंय असं समजा. सावलीत आडवं करा, पोटावर आणि मांड्यांत साधं पाणी ओता, टोपीने वारा घाला आणि गाडीकडे निघा. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

साप चावला, आणि आपल्या कातळांवर फुरसं असतंच, तर दोरी आवळून बांधू नका, जखम कापू नका. तिला चालू न देता उचलून आणा. निघण्याआधीच जवळच्या दोन पशुवैद्यांना फोन करून सर्पविषावरचं औषध (अँटिव्हेनम) आहे का ते विचारून ठेवा. रानात पोचल्यावर मोबाइलला रेंज नसते.

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडॉरला पाण्याचं वेड आहे. गंगापूर धरणाच्या काठाने फिरताना त्याला पोहू द्यावं का?
– नाशिक

उत्तर : पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत पाय रुततो. त्यात शिरलेलं कुत्रं घाबरून आणखी खोल जातं, त्याला काढायला गेलेला माणूसही अडकतो. म्हणून खडी किंवा मुरूम असलेला, उतरता काठ शोधा, लाइफ जॅकेट घाला आणि दहा मीटरची हलकी दोरी लावा. मासेमारीची जुनी जाळी आणि गळ बघून घ्या. गळ रुतला तर ओढू नका. दोरा कापा आणि दवाखान्यात या.

उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी साय दिसली तर त्या दिवशी पाण्याला पायही लावू देऊ नका. त्यातल्या काही शेवाळांचं विष कुत्र्याला काही तासांत मारू शकतं आणि त्यावर उतारा नाही. अंग चाटूनही ते पोटात जातं. काठी पुन्हा पुन्हा पाण्यात फेकण्याचा खेळ दहा मिनिटांत थांबवा. त्या नादात कुत्रं इतकं पाणी गिळतं की रक्तातलं मीठ पातळ होतं. ओकारी, झोकांड्या, झटके येतात. लेप्टोची लस दरवर्षी द्याच. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा हा आजार कुत्र्याकडून तुम्हालाही होऊ शकतो. आणि त्याची विष्ठा उचलून घरी आणा. ते पाणी तुमच्याच शहराच्या नळांना येतं.

प्रश्न : आमच्या पग जातीच्या कुत्र्याला येऊरच्या डोंगरात नेऊ का?
– ठाणे

उत्तर : नको. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला चढावर श्वास पुरत नाही. सकाळी लवकर उपवन तलावाकाठी संथ फेरी मारा. त्याला तेवढं पुष्कळ आहे.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये गवतातून फिरून आल्यापासून आमची कुत्री सारखी मान झटकते, एक कान खाली पाडते. कानात तेल घालू का?
– कोल्हापूर

उत्तर : तेल घालू नका, आजच दाखवा. पावसाळ्यानंतर डोंगरउतारांवरचं कुसळी गवत पिकतं. त्याच्या कुसळाला टोक असतं आणि मागे वळलेले बारीक केस असतात, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कानात गेलेलं कुसळ पडद्यापर्यंत पोचतं. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर कातडीखालून वर चढतं आणि आठवड्याने पायावर पुवाची गाठ दिसते. कानातलं कुसळ काढायला बहुतेकदा भूल द्यावी लागते. घरी चिमटा घालू नका.

पुढच्या वेळी निघण्याआधी बोटांमधले आणि कानाभोवतीचे केस कापून घ्या. परतल्यावर गाडीत बसवण्याआधी बोटांच्या बेचक्या, काखा, कानांच्या आतल्या घड्या, शेपटीखालची जागा उजेडात चाचपून पाहा. तिथेच गोचीडही सापडतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटाने चिरडू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या झाल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या. वेळेवर कळला तर बहुतेक कुत्री बरी होतात.