वाचकांचे प्रश्न : टीव्ही आला, प्रशिक्षण झालं, वर्गात काय?

शिक्षकांच्या डिजिटल प्रशिक्षणावर बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. सारख्या अडचणींची पत्रं एकत्र केली आहेत.

माझ्या केंद्रात ११ शाळा आणि ३४ शिक्षक आहेत. बहुतेक शाळांत स्मार्ट टीव्ही आहे. दरवर्षी तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण होतं, हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि महिन्याभराने शाळाभेटीला गेलं की टीव्हीवर चादर घातलेली दिसते. पुढच्या शिक्षण परिषदेत या विषयाला पूर्ण दिवस देता येईल. काय घ्यावं?
— केंद्रप्रमुख, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

सर, ॲपांची यादी घेऊ नका, एक पाठ घ्या. ॲप शिकवलं की शिक्षकाला ॲप येतं, पण सोमवारी चौथ्या तासाला ते कुठे वापरायचं हा प्रश्न तसाच राहतो. चादर पडते ती त्यामुळेच. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये हे नीट मांडून ठेवलंय : विषय, तो शिकवण्याची रीत आणि तंत्रज्ञान ही तिन्ही सुटीसुटी शिकवून भागत नाही, ती एकाच पाठात एकत्र यावी लागतात. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं तिसऱ्यावरच थांबतात.

मुलं जिथे हमखास अडतात तो पाठ निवडा. उदाहरणार्थ अपूर्णांक. १/३ मोठा की १/४ असं विचारलं की कितीतरी मुलं १/४ म्हणतात, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. सकाळचा पहिला पाऊण तास टीव्ही बंदच ठेवा आणि फक्त या चुकीवर बोला. प्रत्येकाला सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्या, एकीचे तीन भाग करायला लावा, दुसरीचे चार. मूल नेमकं काय समजून चुकतं हे शिक्षकांच्या तोंडून आलं पाहिजे. मग पडदा उघडा. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर बोटाने हलवून बघायचे प्रयोग, मोफत आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. सिम्युलेशनची एचटीएमएल फाइल एकदा उतरवून ठेवली की ती नेट नसतानाही क्रोममध्ये उघडते. तिथे छेद वाढवला की तुकडा लहान होताना दिसतो. कागदाच्या पट्टीत हे दोनदा दाखवता येतं, पडद्यावर एका मिनिटात दहा वेळा. तंत्रज्ञानाचा फायदा इथे एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

त्यानंतर चार-चार शिक्षकांचे गट करा. दर गटाला एक फोन किंवा लॅपटॉप, त्याहून जास्त नको. प्रत्येक गटाने सात मिनिटांचा तुकडा तयार करायचा : पडदा लावण्याआधी मुलांना कोणता प्रश्न विचारणार, कुठे थांबवणार, थांबल्यावर वहीत काय लिहायला सांगणार. ३४ जणांचे आठ-नऊ गट होतात. सगळ्यांना एका खोलीत सादर करायला लावलं तर तिसऱ्या गटानंतर कोणी ऐकत नाही. म्हणून दोन खोल्या करा. एक गट शिकवेल, बाकीचे मुलं होऊन मुलांसारखे प्रश्न विचारतील.

दोन नियम आधीच सांगून ठेवा. पहिला, केंद्रातल्या तंत्रस्नेही शिक्षकांनी कोणाचाही फोन हातात घ्यायचा नाही. तोंडाने सांगायचं, बोट समोरच्याचंच चाललं पाहिजे. ‘द्या इकडे, मी करून देतो’ या एका वाक्यात प्रशिक्षण वाया जातं. दुसरा, फोन एअरप्लेन मोडवर. गटसाधन केंद्रात वायफाय असतं, शाळेत नसतं. जे नेटशिवाय चालत नाही ते शाळेत चालणार नाही, हे त्याच दिवशी कळलेलं बरं.

दुपारचा एक तास बिघाडांना द्या, हा तास कापू नका. मुद्दाम बिघडवलेले चार टीव्ही किंवा प्रोजेक्टर मांडा. एकात केबल एचडीएमआय २ मध्ये आणि रिमोटवर निवडलंय एचडीएमआय १. दुसऱ्यात चित्र येतं पण आवाज नाही, कारण लॅपटॉपचा आवाज त्याच्या स्वतःच्याच स्पीकरला जोडलेला. तिसऱ्यात पेनड्राइव्हवरची फाइल ‘सपोर्ट होत नाही’ म्हणते. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती; जुने टीव्ही एच.२६४ पद्धतीची एमपी४ फाइल चालवतात, एच.२६५ची नाही. चौथ्यात फोनची मेमरी भरलेली. वर्गात चाळीस मुलांसमोर टीव्ही लागत नाही तेव्हा शिक्षकाला घाम फुटतो, आणि त्यानंतर तो पुन्हा हात लावत नाही. दुरुस्ती एकदा स्वतःच्या हाताने केली असेल तर तसं होत नाही.

आणि शक्य असेल तर पूर्ण दिवस एकदम घेऊच नका. दोन अर्धे दिवस करा, मध्ये तीन आठवडे ठेवा. या तीन आठवड्यांत शेजारच्या दोन शाळांच्या जोड्या लावा, एकाने दुसऱ्याचा एक तास पाहायचा. पाहणाऱ्याने फक्त एवढं टिपायचं : पडदा किती मिनिटं चालू होता आणि तेवढ्या वेळात मुलं काय करत होती. दुसऱ्या अर्ध्या दिवसाची सुरुवात या टिपणांनी करा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांना वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असं म्हटलं आहे. त्यातले सहा तास असे तोडून वापरले तर कागदोपत्रीही काही अडत नाही.

एक गोष्ट मात्र या दिवसात येऊच देऊ नका. सरल, यू-डायस या सरकारी पोर्टलांवर किंवा शालेय पोषणाची माहिती भरणं, यातलं काहीही नको. ते काम खरं आहे, त्याची अडचणही खरी आहे, पण एकदा लॉगिन-पासवर्डच्या तक्रारी सुरू झाल्या की अपूर्णांक बाजूला पडतात. त्यासाठी वेगळा तास ठेवा.

आमची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा आहे. मुलं घरी कोरकू बोलतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायला शिकवलंय, पण गावात रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. व्हिडिओ लागला तरी त्यातलं मराठी पहिली-दुसरीच्या मुलांना झेपत नाही.
— शिक्षिका, धारणी तालुका, जि. अमरावती

मॅडम, आधी रेंजचं बघू. बाजाराच्या दिवशी धारणीला जाल तेव्हा पुढच्या पंधरा दिवसांचे पाठ उतरवून आणा. पुस्तकाच्या त्या पानांचे फोटो आधीच फोनमध्ये घेऊन ठेवले की पुस्तकं न्यावी लागत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या फोनवर फोटो उघडून आपल्या फोनने कोड स्कॅन होतो. व्हिडिओ ४८० पिक्सेलचा असला तरी ४०-४५ इंची पडद्यावर लहान वर्गाला पुरतो. दहा मिनिटांचा असा व्हिडिओ साधारण ५० ते ८० एमबी होतो.

इथे एक अडचण हमखास येते. पुस्तकातले क्यूआर कोड ज्यात उघडतात त्या सरकारी दीक्षा ॲपमध्ये उतरवलेलं साहित्य त्या ॲपच्या आतच राहतं. ते गॅलरीत दिसत नाही, त्यामुळे पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावता येत नाही. म्हणजे फोनचाच पडदा टीव्हीवर न्यावा लागतो. त्यासाठी टीव्हीत आणि फोनमध्ये दोन्हीकडे मिराकास्ट (फोनचा पडदा बिनतारी टीव्हीवर दाखवायची सोय) असेल तर नेट लागत नाही. सेटिंगमध्ये ते ‘स्क्रीन कास्ट’ किंवा ‘स्मार्ट व्ह्यू’ अशा नावाने असतं. बाजारात मिळणारी टाइप-सी ते एचडीएमआय केबल घाईने घेऊ नका. पुष्कळशा स्वस्त फोनांच्या चार्जिंगच्या खाचेतून चित्र बाहेर जातच नाही, मग केबल कितीही महाग असो. दुकानात स्वतःचा फोन लावून बघा, चित्र आलं तरच पैसे द्या.

भाषेचं उत्तर सोपं आहे, आणि ते कोणत्याही ॲपमध्ये नाही. आवाज बंद करा. चित्र चालू ठेवा आणि तुम्ही बोला, किंवा चौथीच्या मुलीला बोलायला लावा. थोडी तयारी करता आली तर गावातल्या एखाद्या आजीकडून किंवा अंगणवाडीताईकडून त्याच चित्रावर दीड मिनिट कोरकूत बोलून घ्या, फोनच्या रेकॉर्डरवर, बंद खोलीत, पंखा बंद करून. पहिल्यांदा कोरकू आवाज, दुसऱ्यांदा तुमचं मराठी, तिसऱ्यांदा मूळ आवाज. तिसऱ्या वेळेपर्यंत ओळखीचे शब्द कानाला सापडायला लागतात. गोंडी, माडिया, कोलामी बोलणाऱ्या वस्त्यांवरच्या ज्या शिक्षकांनी हेच विचारलंय, त्यांनाही हीच रीत लागू आहे.

द्विशिक्षकी शाळेत एका इयत्तेला व्हिडिओ लावून दुसरीला शिकवायचा मोह होतो. करायला हरकत नाही, पण सहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि व्हिडिओ सुरू होण्याआधी फळ्यावर काम लिहिलेलं हवं : ‘यात दिसलेली तीन पानं काढा’ असं काहीतरी. नुसतं बघायला बसवलं तर चौथ्या मिनिटाला मारामारी होते.

ग्रामपंचायत शाळेसाठी निधी द्यायला तयार आहे. कोणी टॅबलेट घ्या म्हणतं, कोणी प्रोजेक्टर. वर्गात २५ मुलं आहेत. लाइट दिवसातून कधीही जाते.
— अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

टीव्ही घ्या. टॅबलेट लवकर जुने होतात, आणि २५ टॅबलेट चार्ज करणं हे एका माणसाचं काम होतं. प्रोजेक्टरला अंधार लागतो. कौलारू किंवा पत्र्याच्या वर्गात अंधार करायला खिडक्या लावल्या की एप्रिलमध्ये मुलं बसू शकत नाहीत. शिवाय बहुतेक प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्यापुढे जातो.

५५ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० ते १५० वॅट खातो, प्रोजेक्टर २५० ते ३०० वॅट. इन्व्हर्टरचा हिशेब इथेच ठरतो. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, हाती त्यातले निम्मे ते दोन तृतीयांश येतात. त्यावर टीव्ही आणि स्पीकर सहा-सात तास चालतो, प्रोजेक्टर आणि लॅपटॉप तीन तास. बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. डिस्टिल्ड वॉटरची पातळी महिन्यातून एकदा बघायची, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही कोणीतरी बघायची. विदर्भात शाळा इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, तोवर सुकलेली बॅटरी कामातून गेलेली असते.

सगळा निधी टीव्हीवर घालू नका. अर्थिंग तपासून घेणं, एक स्टॅबिलायझर, भिंतीवर घट्ट बसवलेला विजेचा बोर्ड, वेगळा स्पीकर (टीव्हीचा आवाज मागच्या रांगेला पुरत नाही) आणि दोन जादा एचडीएमआय केबली, यासाठी पैसे राखून ठेवा. ढग गडगडले की प्लग काढायचा, आणि डिश असेल तर तिची केबलही काढायची. स्विच बंद करून भागत नाही. हे काम कोणाचं, त्या माणसाचं नाव ठरावात लिहा.

माझं वय ५४, निवृत्तीला चार वर्षं. मोबाइलवर टायपिंग जमत नाही, नवीन मुलं भराभर करतात. या वयात हे शिकून उपयोग आहे का?
— शिक्षक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

गुरुजी, आहे. आणि टायपिंगपासून सुरुवात करूच नका, कॅमेऱ्यापासून करा. टेबलावर दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या रचा, वर लाकडी पट्टी आडवी टाका आणि तिच्यावर फोन उताणा ठेवा, म्हणजे पडदा वर आणि मागचा कॅमेरा खाली, पट्टीच्या कडेबाहेर. फोन रबराने बांधा. खाली मुलाची वही. फोनचं चित्र टीव्हीवर. एका मुलाने भागाकार कसा केला ते सगळा वर्ग बघतो, चूक कुठे झाली ते मुलंच सांगतात. वहीवर फोनची सावली पडत असेल तर टेबल खिडकीकडे आडवं फिरवा. अक्षर उलटं दिसलं तर फोन नव्हे, वही फिरवा. कोणाची वही दाखवायची ते आधी त्या मुलाला विचारा.

वहीतली कोणती चूक फळ्यावर आणावी हे तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला जेवढं कळतं तेवढं नवख्याला कळत नाही. त्या तासाला तुमच्या तरुण सहकाऱ्यांना बसवून घ्या. लिहिण्यासाठी जीबोर्ड या फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकचं चिन्ह दाबून बोला; वाक्य संपलं की थांबा, मग पुढचं. दोन ओळींचा निरोप तसाच निघतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली प्रश्नपत्रिका फोनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आणि उपक्रमाचे पुरावे म्हणून मुलांचे फोटो टाकायला सांगतात, ते टाकावेत का?
— शिक्षिका, मूल तालुका, जि. चंद्रपूर

ती फाइल कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. तो फाँट ज्या संगणकात आहे तिथेच ती वाचता येते. पाठवणाऱ्याला ती पीडीएफ करून पाठवायला सांगा. बदल करायचे असतील तर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करून घ्यावी लागेल. रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, बिघाड तिथेच होतो. पुढच्या प्रशिक्षणात यासाठी दहा मिनिटं मागून घ्या.

फोटो मुलांच्या चेहऱ्याचे नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, आणि ग्रुपवर गेलेला फोटो परत येत नाही. वहीचं पान, फळा, मुलांच्या हातातलं साहित्य, मागून घेतलेला वर्ग, एवढ्यात उपक्रम दिसतो. वहीच्या पानावर नाव असेल तर फोटो काढताना त्यावर पट्टी ठेवा.