पाहिजे आरोपी: थरारकथा लिहिणाऱ्यांचे प्रश्न

मुंबईचे डिटेक्टिव्ह आणि त्यांना हुलकावणी देणारा परदेशी अतिरेकी, या विषयावर कथा-कादंबरी लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. कथानक जमते का, नायिका कोण असावी, हे प्रश्न बाजूला ठेवून फक्त तपासाच्या तपशिलाचे निवडले आहेत.

माझा नायक क्राइम ब्रांचचा पीआय (पोलीस निरीक्षक) आहे. स्फोटाच्या रात्रीपासून निकालापर्यंत तपास त्याच्याकडेच ठेवायचा आहे. चालेल ना? (सांगली)

पहिल्या रात्रीपुरते चालेल. त्यानंतर कायदा आडवा येतो.

गुन्हा आधी ज्या हद्दीत स्फोट झाला त्या पोलीस ठाण्यात नोंदला जातो. स्टेशन डायरीत वेळ पडते, ड्युटीवरचा अधिकारी फिर्याद घेतो, आणि मग वरून आदेश आला की कागद क्राइम ब्रांचकडे किंवा एटीएसकडे (दहशतवादविरोधी पथक) जातात. महाराष्ट्र एटीएस २००४ सालची, एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) २६/११ नंतरच्या २००८ च्या कायद्यातून आलेली. त्यामुळे १९९३ च्या कथानकात एटीएसची गाडी आली की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) लावला की कलम ४३ लागू होते: मुंबईत तपासी अंमलदार सहायक पोलीस आयुक्तापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. म्हणजे पळापळ, खबरी, रात्रीचे छापे सगळे तुमच्या पीआयचे, पण केस डायरीवर सही एसीपींची. मकोका (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावायचा तर गुन्हा नोंदवण्याआधीच उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी. याकडे अडचण म्हणून पाहू नका. माग ज्याने काढला तो एक आणि सही ज्याची तो दुसरा, यात दोन प्रकरणे सहज निघतील.

एनआयएचेही तसेच. अशा गुन्ह्याचा अहवाल राज्य सरकारमार्फत केंद्राकडे जातो आणि तो मिळाल्यापासून १५ दिवसांत केंद्राने ठरवायचे असते. तोवर तपास थांबत नाही, ज्या ठाण्याकडे गुन्हा आहे त्यालाच तो पुढे न्यावा लागतो. म्हणजे नायकाच्या हातात एक घड्याळ आयतेच आले. प्रकरण वर्ग झाले की कागदपत्रे आणि मुद्देमाल सोपवून तो मोकळा होतो, आणि पुढे साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहतो.

आणखी एक. कथा कोणत्या तारखेला घडते हे आधी पक्के करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत. त्या तारखेनंतरच्या गुन्ह्यात तुमचा हवालदार ‘तीनशे दोन’ म्हणेल, कारण सवय जात नाही, पण एफआयआरमध्ये खुनाचे कलम १०३ असेल.

स्फोटाच्या जागी नायकाला एक चावी सापडते. तो ती खिशात टाकतो आणि शेवटच्या प्रकरणात तिच्यामुळे खलनायक अडकतो. पटण्यासारखे आहे का? (बडोदा)

चावी पटते, खिसा पटत नाही.

चावीला मुंबईच्या इतिहासातच आधार आहे. १२ मार्च १९९३ ला बारा स्फोट झाले, २५७ माणसे गेली. त्याच दिवशी वरळीत एक बेवारस मारुती व्हॅन सापडली. आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब होते. गाडीच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या अल-हुसैनी इमारतीत मेमन कुटुंबाच्या घरी पोहोचले. घर रिकामे होते. तिथे स्कूटरची एक चावी मिळाली आणि ती बसली दादरला न फुटता राहिलेल्या, आरडीएक्स भरलेल्या स्कूटरला. दुवा एवढाच, पण तो कोर्टात टिकायला प्रत्येक टप्प्यावर कागद लागतो.

हे जवळून दाखवायचे असेल तर असे दाखवा. चावी जिथे दिसली तिथेच तिचा फोटो निघतो. दोन पंच बोलावले जातात. रात्री दोन वाजता पंच मिळणे हे स्वतंत्र दुखणे आहे, आणि तोच तोच पंच दहा खटल्यांत दिसला की बचावाचा वकील त्याला ‘नेहमीचा पंच’ म्हणून सोलून काढतो. रायटर (लिखापढी करणारा पोलीस) लिहीत असतो: चावी पितळी की स्टीलची, तिच्यावर कोणता आकडा, कोणत्या खणात, कोणत्या वस्तूखाली. मग खाकी पाकीट, लेबल, त्यावर पंचांच्या आणि अधिकाऱ्याच्या सह्या, दोरा, लाख, लाखेवर सीलचा ठसा. पाकीट मुद्देमाल कारकुनाकडे जाते, रजिस्टरमध्ये नंबर पडतो. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवताना कोण घेऊन गेला, कधी निघाला, कधी पोहोचला, सील शाबूत होते का, याची नोंद होते. आता झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५), शिवाय सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यावे लागते.

साखळीची एक कडी तुटली की काय होते ते ताज्या निकालात वाचा. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. जप्त केलेल्या वस्तू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नीट सीलबंद आणि सुरक्षित होत्या हे सरकार पक्षाला दाखवता आले नाही, हे त्या निकालाच्या कारणांपैकी एक. (हा निकाल पुढे दाखला म्हणून वापरू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत दिला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.) तुमच्या नायकाच्या खिशातली चावी कोणत्याही वकिलाला मेजवानी आहे.

स्फोटाच्या जागेबद्दलही थोडे. अवशेषांचे नमुने साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू देऊ नका. बाष्प होणारे अंश त्यातून उडून जातात, म्हणून घट्ट झाकणाचे डबे किंवा नायलॉनच्या पिशव्या वापरतात. शिवाय स्फोटापासून दूरच्या जागेची माती वेगळी घ्यावी लागते, नाहीतर सापडलेला अंश स्फोटाचा की त्या जागेचाच हे सांगता येत नाही. आणि तोवर अग्निशमन दलाच्या पाण्याने अर्धे धुऊन गेलेले असते, बाकीचे बघ्यांच्या चपलांना लागून घरी गेलेले असते. तो गोंधळ लिहा.

सायबर सेलची मुलगी दोन मिनिटांत फोनचे ठिकाण काढते आणि जुने संभाषण ऐकवते. वाचक हसतील का? (पुणे)

संभाषणाला हसतील. सीडीआरमध्ये (फोन कंपनीकडची कॉलची नोंद) आवाज नसतो. एका ओळीत असते ते इतकेच: कोणी कोणाला फोन केला, तारीख, वेळ, किती सेकंद, सिमचा आणि हँडसेटचा ओळख क्रमांक, कॉल सुरू झाला तो टॉवर आणि संपला तो टॉवर. बोलणे ऐकायचे तर आधीपासून टॅपिंग लावलेले हवे, आणि त्याला गृहसचिवांचा आदेश लागतो. तातडीच्या वेळी पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आदेश देऊ शकतो, पण सात कामकाजाच्या दिवसांत त्यावर मान्यता मिळाली नाही तर टॅपिंग बंद. एक आदेश ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी १८० दिवसांपुढे नाही.

टॉवर म्हणजे पत्ता नव्हे. भेंडी बाजारात एका टॉवरच्या टापूत शेकडो खोल्या येतात, कोकणात मैलभर डोंगर येतो. खरे काम चिकाटीचे आहे. घटनास्थळाभोवतीच्या टॉवरवर त्या तासाभरात आलेले सगळे नंबर घ्यायचे, दुसऱ्या ठिकाणचे घ्यायचे, दोन्हीकडे सामाईक कोण ते चाळायचे. आरोपी सिम बदलतो पण हँडसेट तोच ठेवतो, तिथे सापडतो. एक बारकावा: हँडसेटचा क्रमांक पंधरा आकडी असतो, पण सीडीआरमध्ये शेवटचा आकडा बहुधा शून्य येतो. बॅटरीखालचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळत नाही म्हणून नवखा फौजदार चांगला धागा सोडून देतो. छान प्रसंग होईल.

इंटरनेटवरून आलेल्या कॉलला यातले बरेचसे लागू पडत नाही. २६/११ ला हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांनी इंटरनेट टेलिफोनी वापरली होती, आणि तिचा माग अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या कंपनीपर्यंत गेला. परदेशातला असा पुरावा मागायला दोन सरकारांमधला पत्रव्यवहार लागतो. तिथे दोन मिनिटांच्या जागी महिने लिहा.

कोर्टासाठी प्रमाणपत्र विसरू नका. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच कोर्टात हजर केले तर गोष्ट वेगळी. आता नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चा नमुना दोन भागांचा आहे, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावे लागते. कंपनीने सीडीआर किती काळ ठेवायचे तेही बघा: डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षे, त्याआधी एकच.

कोठडीत नायकापुढे अतिरेकी कबुली देतो आणि खटला जिंकला जातो. (नागपूर)

पोलिसापुढची कबुली पुराव्यात येत नाही, मग ती चहा पाजून घेतलेली असो की आणखी कशी. त्यातला फक्त तेवढाच तुकडा चालतो ज्यातून वस्तू सापडते: ‘मी पिशवी अमुक ठिकाणी ठेवली आहे, दाखवतो.’ त्याचा पंचांसमोर निवेदन पंचनामा होतो, मग सगळी वरात गाडीतून त्या जागी जाते. आरोपी पुढे, बाकीचे मागे. पोलीस पुढे चालला तर फसले, कारण जागा त्याला आधीच माहीत होती असा अर्थ निघतो.

मकोकाखाली अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, यूएपीएखाली नाही. पण चालते म्हणजे टिकते असे नव्हे. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात मकोकाखालच्या कबुल्या उच्च न्यायालयाने नाकारल्या. छळाचे आरोप होते, आणि वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांत मजकूर तोच तोच होता. हे सोपे प्रात्यक्षिक आहे: चार माणसांच्या तोंडी एकच वाक्य घाला आणि न्यायाधीशाला कागद शेजारी शेजारी ठेवू द्या.

खरा मार्ग दंडाधिकाऱ्यांचा. २६/११ च्या खटल्यात कसाबचा जबाब फेब्रुवारी २००९ मध्ये महिला दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला. तुझ्यावर बंधन नाही, हे तुझ्याविरुद्ध वापरले जाईल, असे समजावून, विचाराला वेळ देऊन, तपास करणाऱ्या पोलिसांपासून दूर ठेवून. खोलीत पोलीस नाही, दार बंद, आणि समोर एक बाई सावकाश लिहिते आहे. यापेक्षा ताण असलेला प्रसंग मारहाणीतून निघणार नाही.

ओळख परेड कोण घेतो? (चिपळूण)

पोलीस नाही. कार्यकारी दंडाधिकारी, किंवा मुंबईत पूर्वी बऱ्याचदा विशेष कार्यकारी अधिकारी. एका आरोपीबरोबर साधारण सहा डमी, वयाने आणि बांध्याने मिळतेजुळते. परेडपर्यंत आरोपीचे तोंड झाकलेले. नायकाने त्याआधी पत्रकार परिषदेत फोटो झळकवला की परेडची किंमत गेली. आणि परेड घेणाऱ्याचा अधिकार त्या तारखेला जिवंत होता ना, तेही बघून घ्या. लोकल स्फोटांच्या खटल्यात नेमका तोच प्रश्न निघाला होता.

शेवटी चकमकीत खलनायक मारायचा आहे. (कोल्हापूर)

मारा, पण पुढचे पान कोरे सोडू नका. मुंबईत १९९५ ते १९९७ मध्ये झालेल्या ९९ चकमकींवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. एफआयआर, दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून किंवा सीआयडीकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, पिस्तूल तपासणीसाठी जमा. लगोलग शौर्यपदक नाही.

रेड कॉर्नर नोटीस निघते आणि नायक लिस्बनला जाऊन अतिरेक्याला अटक करतो. (न्यू जर्सी)

मुंबईचा पोलीस लिस्बनमध्ये पर्यटक असतो. अटक तिथले पोलीस करतात.

इंटरपोलकडे स्वतःचे अटक करणारे पोलीस नाहीत. रेड नोटीस हे वॉरंट नव्हे. तिच्यावर काय करायचे ते प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. ती काढायला आधी आपल्या कोर्टाचे अटक वॉरंट हवे, आणि मागणी मुंबईहून थेट जात नाही, सीबीआयमार्फत जाते. गुन्हा राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाचा वाटला तर इंटरपोल ती नाकारू शकते. नुसता ठावठिकाणा हवा असेल तर ब्लू नोटीस असते. विमानतळावर माणूस अडवायला रेड नोटीस नव्हे, लुकआउट सर्क्युलर लागते, आणि ते फसते बहुधा स्पेलिंगमध्ये: नाव रोमन लिपीत एका पासपोर्टवर एक, दुसऱ्यावर दुसरे.

लिस्बन तुम्ही जाणून निवडले असेल तर प्रत्यार्पणाचा नमुनाच तुमच्या हाती आहे. १९९३ च्या स्फोटांतला आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये तिथेच पकडला गेला, भारतात आला नोव्हेंबर २००५ मध्ये. मधली तीन वर्षे कोर्टात गेली. त्याला फाशी देणार नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद भोगायला लावणार नाही, अशी हमी भारताने डिसेंबर २००२ मध्ये दिली. शिवाय आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याचे कलम २१ सांगते की ज्या गुन्ह्यांसाठी माणूस आणला त्यांच्यापुरताच खटला चालवायचा. नंतर जादा कलमे लावल्यावरून पोर्तुगालच्या न्यायालयांत पुन्हा वाद झाला.

मुंबईच्या टाडा (जुना दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जन्मठेप दिली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हमी पाळावी लागेल, आणि २५ वर्षे मोजायची ती १२ ऑक्टोबर २००५ पासून. पोर्तुगालच्या कोठडीतला काळ त्यात धरला नाही. तुमच्या नायकाचे वय त्या हिशेबाने मांडून बघा. १९९३ ला तो तिशीतला फौजदार असेल, तर ही मुदत संपते तेव्हा त्याला निवृत्त होऊन दहा वर्षे झालेली असतात.