'स्वयंचलित', 'स्वायत्त' की 'विनाचालक'?

प्रश्न असा आला आहे: 'कॉलेजच्या प्रकल्पासाठी एक प्रश्नावली मराठीत करते आहे. लोकांना सेल्फ-ड्रायव्हिंग कार हव्यात का आणि त्या सुरक्षित वाटतात का, हा विषय. वर्तमानपत्रांत स्वयंचलित, चालकविरहित, विनाचालक, स्वायत्त असे सगळे शब्द दिसतात. अर्थ एकच ना? मी कुठला वापरू?'

अर्थ एकच नाही. आणि काम प्रश्नावलीचं असल्यामुळे शब्द बदलला की उत्तरंही बदलतील. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच ठेवायचा विचार असेल तर तो आधी सोडा. 'सेल्फ ड्राइव्ह' हा शब्द आपल्याकडे अगोदरच रुळला आहे, आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. पुण्यात, मुंबईत, गोव्यात गाडी भाड्याने घ्यायला गेलं की विचारतात, 'ड्रायव्हरसकट पाहिजे की सेल्फ ड्राइव्ह?' तिथे 'सेल्फ' म्हणजे गिऱ्हाईक: गाडी घ्या आणि तुमची तुम्ही चालवा. तुमच्या विषयातला 'सेल्फ' म्हणजे खुद्द गाडी. उत्तर देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर गोव्यातली भाड्याची गाडी उभी राहील आणि ते आनंदाने 'हो, हवी' म्हणतील.

आता 'स्वयंचलित'. शब्द चांगला आहे, जुना आहे आणि म्हणूनच त्याच्यावर आधीच बरीच कामं सोपवलेली आहेत. स्वयंचलित दरवाजा, स्वयंचलित हवामान केंद्र, स्वयंचलित सिग्नल. स्कूटर-मोटारसायकलला 'स्वयंचलित दुचाकी' म्हणायचे, म्हणजे पायडल न मारता चालणारी. 'ऑटोमॅटिक गाडी' म्हटलं की आजही आपल्याला क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी कळते, आणि तिचं मराठी कुणी केलं तर 'स्वयंचलित'च होतं. एवढ्या गर्दीत नवा अर्थ घुसवला तर वाचणाऱ्याने नेमकं काय समजायचं?

खरी अडचण त्याहून खोल, क्रियापदात आहे. मराठीत 'चालणे' आणि 'चालवणे' ही दोन क्रियापदं वेगळी आहेत. गाडी पेट्रोलवर चालते. ड्रायव्हर ती चालवतो. संस्कृतातही 'चल्' धातूपासून 'चलित' होतं आणि त्याच्या प्रयोजकापासून 'चालित' व 'चालक'. 'स्वयंचलित' म्हणजे आपोआप चाललेलं. पण गाड्या आपोआप चालतात त्याला शंभरावर वर्षं झाली. घोडा सोडला तेव्हाच ते झालं. इंग्रजीतल्या 'ऑटोमोबाइल'चा अर्थही 'आपण होऊन चालणारं' असाच आहे. नवीन गोष्ट आहे ती चालवण्याची. पुढचा ट्रक थांबणार आहे का, कडेचा मुलगा चेंडूमागे धावेल का, हे ओळखून स्टिअरिंग वळवणं किंवा ब्रेक दाबणं हे चालवण्याचं काम. ते कोण करतं, हे शब्दातून कळायला हवं. 'स्वयंचालित' लिहिलं तर व्याकरणाने जवळ पोचतो; पण चलित आणि चालित यांच्यातला तो एक काना घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

'स्वायत्त' मी बाजूला ठेवतो. आपल्या कानाला तो महाविद्यालयं आणि संस्थांचा शब्द आहे, स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्यांचा. गाडी कंपनीने आखलेल्या हद्दीत, कंपनीने दिलेल्या नकाशावर, वाहतुकीचे नियम पाळून जाते. ती एवढी स्वतंत्र नाही. मोटारींसाठी मानकं ठरवणारी एसएई इंटरनॅशनल ही संस्था २०१४ पासून एका दस्तऐवजात या गाड्यांच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या देते: शून्यावर चालवण्याचं सगळं काम माणसाकडे, पाचवर सगळं गाडीकडे. त्या दस्तऐवजातही 'ऑटोनॉमस' आणि 'सेल्फ-ड्रायव्हिंग' हे दोन्ही शब्द टाळावेत असंच सुचवलं आहे.

शब्दाचा आणि सुरक्षिततेचा एवढा संबंध खरंच आहे का, असं कुणी विचारेल. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या निधीतून चालणारी 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' ही संस्था आहे. तिने २०१९ साली दोन हजारांहून अधिक चालकांना पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या चालकसाहाय्य प्रणालींची फक्त नावं सांगितली, आणि विचारलं की ही प्रणाली सुरू असताना हात स्टिअरिंगवरून काढले तर चालेल का. 'ऑटोपायलट' या नावाला ४८ टक्के लोक 'चालेल' म्हणाले. बाकीच्या नावांना ३३ टक्के किंवा त्याहून कमी. पाचही प्रणालींत चालकाने पूर्ण वेळ रस्त्याकडे लक्ष ठेवणं सक्तीचं होतं. नावाखेरीज लोकांना काहीही सांगितलं नव्हतं, आणि तेवढ्यावर इतका फरक पडला. शब्दांची आवड असलेल्या माणसाला हा आकडा झोप लागू देत नाही.

धडा सगळ्यांनी सारखा घेतला नाही, पण घेतला. चालकाविना टॅक्सी चालवणारी वेमो ही कंपनी २००९ साली गूगलचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. २०२१ च्या जानेवारीत तिने जाहीर केलं की यापुढे आम्ही 'सेल्फ-ड्रायव्हिंग' म्हणणार नाही. कारण तिने असं दिलं: काही मोटार कंपन्या तो शब्द चुकीच्या अर्थाने वापरतात आणि त्यामुळे लोक नको तिथे हात सोडून बसतात. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अर्धवट प्रणालीला ती पूर्ण वाटेल असं नाव देण्यावर बंदी घातली. टेस्लाच्या 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' या चालकसाहाय्य प्रणालीच्या नावापुढे २०२४ मध्ये 'देखरेखीखाली' अशा अर्थाचा शब्द जोडला गेला. चीनमध्ये मार्च २०२५ मध्ये चालकसाहाय्य सुरू असलेल्या एका गाडीच्या अपघातात तीन विद्यार्थिनी गेल्या. पुढच्याच महिन्यात तिथल्या उद्योग मंत्रालयाने कंपन्यांना बजावलं की अशा गाड्यांच्या जाहिरातीत 'स्वयंचालन' म्हणायचं नाही, 'साहाय्यित चालन' म्हणायचं. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्याने तर कोणते शब्द फक्त मान्यताप्राप्त गाड्यांनाच लावता येतील हे ठरवण्याचा अधिकारच सरकारला दिला. मराठीत असा कायदा नाही. तोवर ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते, म्हणजे या कामापुरती तुमच्यावर.

तेव्हा पहिली फोड अशी करा: चालक आहे आणि त्याला मदत मिळते, ही एक जात, चालक नाहीच, ही दुसरी. पहिलीला 'चालकसाहाय्य असलेली गाडी' म्हणा. ही भारतात विकली जाते. चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ही सोय २०२१ मध्येच आली. लोक अशा गाडीला 'अडास'वाली गाडी म्हणतात; 'अडास' हे चालकसाहाय्य प्रणालीच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. लेन धरून ठेवणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, वेळ पडली तर ब्रेक लावणं ही कामं ती करते. महामार्गावर चालकाची जागा सोडून शेजारच्या सीटवर बसलेल्यांचे व्हिडिओ फिरतात ते याच गाड्यांचे. त्यांना 'स्वयंचलित' म्हणणारी प्रत्येक बातमी अशा माणसाला बळ देते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसऱ्या जातीसाठी 'चालकविरहित' चुकीचा नाही. मात्र '-रहित' ऐकलं की आपल्या मनात 'मानवरहित रेल्वे फाटक' येतं, आणि त्या दोन शब्दांमागे अपघातांच्या बातम्यांची रांग उभी राहते. ब्रॉडगेज मार्गांवरची ती फाटकं २०१९ च्या सुरुवातीला संपली, पण शब्दाची आठवण तशी संपत नाही. सर्वेक्षणात भीतीचाच प्रश्न विचारायचा असताना भीती आधीच शब्दात घालू नये. 'चालकहीन' तर नकोच.

मला 'विनाचालक' पटतो. एसटीने तो अर्धा घडवूनच ठेवला आहे: चालक, वाहक, विनाथांबा, विनावाहक. विनावाहक गाडीत कंडक्टर नसतो, पण तिकीट तर निघतंच. ते स्थानकावर बसलेल्या माणसाने गाडी सुटण्यापूर्वी दिलेलं असतं. काम नाहीसं होत नाही, जागा बदलतं. विनाचालक गाडीचंही हेच आहे. वेमोच्या टॅक्सीत पुढच्या सीटवर कुणी नसतं, पण गाडी गोंधळली तर दूर बसलेला कर्मचारी तिला सल्ला देतो. स्टिअरिंग मात्र तो फिरवत नाही. 'विना' या छोट्या शब्दात हे सगळं मावतं: चालक गाडीत नाही, जबाबदारी मात्र कुणाची तरी आहे.

'स्वयंसारथी' हा शब्दही कुणी कुणी सुचवतात. मला तो ऐकायला फार आवडतो. पण लायसन्ससाठी आपण 'सारथी' पोर्टलवरच अर्ज करतो. तिथे माणूस सारथी आणि इथे यंत्र सारथी, हा घोळ प्रश्नावलीत नको.

मधली एक अवघड पायरी राहते. मर्सिडीजला जर्मनीत २०२१ च्या डिसेंबरमध्ये अशा प्रणालीची मान्यता मिळाली: वाहतूक कोंडीत, सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरपर्यंत, गाडी स्वतः चालवते, आणि बोलावलं की माणसाने ताबा घ्यायचा. तेवढा वेळ तो चालकही नाही आणि नुसता प्रवासीही नाही. ब्रिटिश कायद्याने त्याच्यासाठी वेगळी संज्ञा केली आहे. मराठीत 'प्रभारी' जमेल, प्रभारी मुख्याध्यापकासारखा. तुमच्या प्रश्नावलीत ही पायरी घेऊ नका, एका ओळीत ती समजावता येणार नाही.

शब्द ढिला ठेवला की अपघाताची चर्चाही कशी बिघडते ते पाहा. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टेंपी शहरात, उबरच्या चाचणीतल्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली. त्यात ती गेली. कुठे कुठे या गाडीला 'ड्रायव्हरलेस' म्हटलं गेलं. प्रत्यक्षात चालकाच्या जागेवर कंपनीची कर्मचारी बसलेली होती, आणि चौकशीत निघालं की ती फोनवर कार्यक्रम पाहत होती. चौकशीतली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. गाडीच्या यंत्रणेला ती बाई ५.६ सेकंद आधी दिसली होती. यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' म्हणत राहिली, पण पादचारी एकदाही म्हणाली नाही. कारण झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल हे तिच्या रचनेत धरलेलंच नव्हतं. 'पादचारी' या शब्दाची व्याख्या अपुरी राहिली आणि माणूस गेला. लक्ष्मी रोडवर किंवा दादर स्टेशनबाहेर ती व्याख्या किती जणांना वगळेल, याचा विचार करा.

याच्या दुसऱ्या बाजूला वेमोचे आकडे आहेत. जानेवारी २०२५ पर्यंत चालकाविना झालेल्या ५.६७ कोटी मैलांचा, म्हणजे सुमारे नऊ कोटी किलोमीटरचा हिशेब शोधनिबंधात छापून आला. त्याच शहरांतल्या माणसांच्या चालवण्याशी तुलना करता, पादचारी जखमी होण्याच्या घटना ९२ टक्के कमी दिसल्या. अभ्यास कंपनीच्याच संशोधकांचा आहे आणि शहरं चारच, हे विसरू नये. पण एक दाखला चाचणीतल्या, माणूस बसवलेल्या गाडीचा, दुसरा खऱ्याखुऱ्या विनाचालक गाडीचा आणि तिसरा हात सोडून बसलेल्या 'अडास'वाल्याचा. तिन्ही 'स्वयंचलित' या एकाच डब्यात टाकले तर 'सुरक्षित आहेत का' याला उत्तरच उरत नाही.

'हव्यात का'चंही तसंच. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०२५ च्या पाहणीत 'सेल्फ-ड्रायव्हिंग' गाडीत बसायचा विश्वास फक्त १३ टक्के चालकांनी दाखवला, आणि दहातल्या सहा जणांनी भीती सांगितली. त्याच पाहणीत ७८ टक्के म्हणाले की आधी गाडीतली सुरक्षा-साधनं सुधारा. म्हणजे लोकांना मदत हवी आहे, चालक जायला नको आहे. एकच शब्द वापरून एकच प्रश्न विचारला असता तर हे कळलंच नसतं.

भारतात 'चालक' या शब्दाला आणखी एक वजन आहे. तो हुद्दा आहे, बॅज आहे, घरची चूल आहे. नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नागपुरात चालकाविना चालणाऱ्या गाड्या भारतात येऊ देणार नाही असं सांगितलं, तेव्हा कारण चालकांच्या रोजगाराचं दिलं होतं. रिक्षावाल्याच्या घरी 'विनाचालक' वाचलं जाईल तेव्हा सुरक्षिततेआधी पोटाचा विचार येईल, आणि तो यायलाच हवा. दुसरीकडे, २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यामुळे प्रश्नावलीत उत्तर देणारा किंवा त्याच्या घरचं कुणी गाडी चालवून पोट भरतं का, हे जरूर विचारा.

प्रश्न साधारण असे ठेवता येतील. 'चालक गाडी चालवत असताना त्याला लेन धरायला, अंतर राखायला आणि ब्रेक लावायला मदत करणारी यंत्रणा तुमच्या गाडीत असावी असं वाटतं का?' मग वेगळा प्रश्न: 'जिच्यात चालकच नाही अशा विनाचालक टॅक्सीतून तुम्ही प्रवास कराल का?' आणि तिसरा, जो बहुतेक पाहण्यांत राहून जातो: 'तुम्ही पायी रस्ता ओलांडत असताना समोरून विनाचालक गाडी आली, तर ती थांबेल असा भरवसा तुम्हाला वाटेल का?' पहिल्या दोन प्रश्नांत उत्तर देणारा गाडीच्या आत आहे. आपल्याकडचे बरेच लोक बाहेर, रस्त्यावर असतात, त्यामुळे तिसरा प्रश्न गाळू नका.