मुलगा तिसरीत गेलाय, आम्ही दोघं कंपनीत शिफ्टला. वर्षभर घरी नेमकं काय करावं?

ताई, तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी धरून लिहिते. मुलगा मराठी शाळेत तिसरीत आहे, गणित बरं आहे पण वाचताना अडखळतो. तुम्ही स्वतः दहावीपर्यंत शिकलात, त्यामुळे आपण काय शिकवणार असं तुम्हाला वाटतं. आणि नातेवाईक शिकवणी लावा, नाहीतर इंग्रजी माध्यमात टाका म्हणून मागे लागलेत. मी पुणे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवते. माझ्या वर्गातले निम्म्याहून अधिक पालक चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जातात, त्यामुळे तुमच्या घरातलं वेळेचं गणित मला ठाऊक आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की यंदा घरी दुसरी शाळा भरवू नका. फक्त वाचन धरा. रोज दहा-पंधरा मिनिटं त्यानं मोठ्यानं वाचायचं आणि घरातल्या कुणीतरी ऐकायचं. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकत असतं. तिसरी-चौथीपासून त्याला वाचून शिकावं लागतं: परिसर अभ्यासातला धडा, गणितातलं शाब्दिक उदाहरण, पुढे चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास, सगळं वाचता आलं तरच कळतं. गणित बरं आहे म्हणता ना, मग एक करून बघा. त्याला तोंडी उदाहरण घाला आणि तेच उदाहरण पुस्तकातून वाचून सोडवायला सांगा. तोंडी येतं आणि वाचून येत नाही, अशी मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात.

आधी तो नेमका कुठे अडतो ते शोधा. पुस्तकातला धडा त्यासाठी उपयोगाचा नाही. वर्गात तो सगळ्यांबरोबर इतक्यांदा म्हटलेला असतो की पाठ झालेला असतो. मूल घडाघडा म्हणतं, आईला वाटतं वाचतंय. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कुठला?’ विचारलंत की खरं काय ते कळतं. त्यापेक्षा न पाहिलेला मजकूर द्या. ‘प्रथम’ ही संस्था 2005 पासून ‘असर’ नावाची, मुलांना वाचता आणि गणित करता येतं का याची पाहणी करते, त्यात मुलाला क्रमाने अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला देतात. हेच तुम्ही घरी करू शकता. पहिलीचं जुनं पुस्तक शेजाऱ्यांकडे मिळेल, नाहीतर बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट आहेत. उतारा नीट वाचला आणि गोष्टीत अडला, तर काळजीचं काही नाही, सरावाचा प्रश्न आहे. सुट्या शब्दांतच अडला तर मात्र काना-मात्रा-वेलांटीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. त्यात लाज कसली? दोन-तीन महिन्यांत भरून निघतं.

मराठी वाचणारी मुलं बहुतेक वेळा जोडाक्षरांत अडकतात आणि त्यातही ‘र’पाशी. ‘सूर्य’ हा शब्द बघा. रफार लिहिलाय ‘य’च्या डोक्यावर, पण उच्चारायचा ‘य’च्या आधी. मूल डावीकडून उजवीकडे जातं, ‘सू...य...’ करून थांबतं आणि मग वरची खूण बघून ‘सूयर’ म्हणतं. ‘प्रकाश’मध्ये तोच ‘र’ पायाशी तिरका, ‘ट्रक’मध्ये खाली टोपीसारखा, ‘पऱ्या’मध्ये तिसरंच रूप. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा हा गुंता ट्रकनं सोडवला. त्याचे वडील गाडी चालवायचे. त्याला ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉली, ट्रॅव्हल्स हे शब्द कागदावर एकाखाली एक लिहून दिले. ‘ट’खालची ती खूण म्हणजे ‘र’ हे त्यानं स्वतःच ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या नकाशावरचं ‘राष्ट्र’ न अडता वाचलं. तुमच्या मुलाला जे आवडतं, क्रिकेट म्हणा, गाड्या म्हणा, देवदेवता म्हणा, त्यातले शब्द घ्या. एका आठवड्याला ‘र’चं एकच रूप, जास्त नको.

तो अडला की लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा तेवढ्यात त्याचा तो जुळवतो. नाहीच जमलं तर शब्दाचा पुढचा भाग बोटाने झाका आणि पहिला तुकडा वाचायला लावा. तरीही अडला तर शांतपणे शब्द सांगा आणि पुढे जा. एका वाक्यात दहा वेळा दुरुस्ती केलीत तर पहिल्या शब्दाचा अर्थ शेवटापर्यंत त्याच्या डोक्यात राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक काढायच्या वेळेला पोट दुखायला लागतं. पान संपल्यावर एक-दोन गोष्टी विचारा: कोण कुठे गेलं, का गेलं, तू असतास तर काय केलं असतंस? उत्तर देता आलं नाही तर तेच पान उद्या पुन्हा घ्या. एकच पान तीन दिवस वाचलं तर फुकट जात नाही. तिसऱ्या दिवशी जी लय येते ती त्याला स्वतःलाही ऐकू येते.

तुमच्या शिफ्टचं म्हणाल तर, रोज एकानेच ऐकायचं असा नियम करू नका. जो घरी असेल त्याने ऐकावं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील सेकंड शिफ्टला असले की ती आईच्या फोनवर वाचन रेकॉर्ड करून त्यांना पाठवते. ते कंपनीच्या बसमध्ये ऐकतात आणि उलट निरोप धाडतात, ‘कोल्ह्याचं पुढं काय झालं ते उद्या सांग’. ती पोरगी केवळ त्या निरोपासाठी वाचते. आजी-आजोबा घरात असतील आणि त्यांना स्वतःला वाचता येत नसेल तरी ऐकू द्या. ‘पुढं काय झालं रे?’ विचारायला शिक्षण लागत नाही. तुमची दहावी तर यासाठी पुरून उरेल.

वाचायला काय द्यावं हेही पालक विचारतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं, त्यातल्या छोट्या गोष्टी आणि कविता चांगल्या आहेत. शाळेच्या पेटीतली पुस्तकं घरी न्यायला मागा. बाई नाही म्हणणार नाहीत. शिवाय दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, लग्नपत्रिका, किराणा मालाची यादी. यादी तर त्यालाच लिहायला लावा. ‘तूरडाळ’ दीर्घ की ऱ्हस्व यावर या वयात भांडू नका, लिहितोय हे महत्त्वाचं. अक्षर वळणदार नसेल तर तेही सध्या सोडून द्या.

गणित बरं असलं तरी एकदा तपासाच. मराठीत आकड्यांची नावं मुलांना फार छळतात. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आधी सात येतात, मग चाळीस, पण लिहायचे आधी चार. म्हणून मूल 74 लिहितं. ‘एकोणसाठ’ ऐकून कानात साठ राहतात आणि वहीत 69 उतरतात. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता. गणित समितीच्या मंगला नारळीकर यांच्यावर खूप टीकाही झाली. मुलांची अडचण मात्र खरी होती, वर्गात रोज दिसते. घरी दोन्ही वापरा: सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात. दुसरी अडचण शून्याची. ‘चारशे सात’ सांगितलं की 4007 लिहिणारी मुलं तिसरीत पुष्कळ असतात. त्यांना रागावून काही होत नाही. शंभराच्या चार नोटा आणि एकेक रुपयाची सात नाणी समोर ठेवा, दहाची नोट एकही नाही हे त्याला दिसू द्या आणि त्या रिकाम्या जागी शून्य लिहायला सांगा. हातच्याची वजाबाकीही अशीच नोटा मोडून दाखवा. आठवड्यातून दोनदा एवढं केलंत तरी पुरे. पाढे चालता-बोलता होतात.

आता शाळेशी बोलायचं. तिसरीत कुणी नापास होत नाही. आपल्याकडे पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आल्यात, पण तोपर्यंत मूल पुढच्या वर्गात जात राहतं आणि प्रगतिपुस्तकावर ‘ब-1’ किंवा ‘ब-2’ पाहून पालक निर्धास्त राहतात. त्या श्रेणीत तोंडी काम, प्रकल्प, लेखी सगळं मिसळलेलं असतं. त्यातून वाचनाचं कळत नाही. म्हणून पालकसभेत ‘कसा आहे आमचा?’ असं विचारू नका. त्यावर आम्ही ‘चांगला आहे, थोडा दंगा करतो’ एवढंच सांगतो. विचारा की न पाहिलेला उतारा तो वाचतो का, कुठल्या अक्षरांत अडतो आणि घरी आम्ही काय घ्यावं. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या अखेरीचं उद्दिष्ट मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, आणि 9999 पर्यंतच्या संख्या असं आहे. आम्ही शिक्षक त्याची नोंद ठेवतो, तुम्ही ती मागू शकता. मात्र घरी घड्याळ लावून वाचायला बसवू नका. आणि शाळा व्यवस्थापन समितीची निवड असेल तर नक्की जा. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, पण आमच्याकडे बाया नाव देतात आणि बैठकीला नवरे येतात. तुम्ही स्वतः बसा.

एक गोष्ट खरं तर सगळ्यात आधी करायला हवी: डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांनी काही लिहून दिलंय का ते बाईंना विचारा. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं, पुस्तक नाकाशी धरणारं मूल आळशी ठरतं आणि चष्मा लागला की महिन्याभरात वाचू लागतं, असं मी पाहिलंय.

हजेरीचंही मनावर घ्या. जून-जुलैत पावसाची सर्दी, मग गणपती, दिवाळीला जोडून गावी चार दिवस जास्त, उन्हाळ्याच्या तोंडावर जत्रा आणि लग्नं. गुणाकाराचा आठवडा बुडाला की पुढचा भागाकार तसाच डोक्यावरून जातो. गावी जायचं असेल तर बाईंना आधी सांगा आणि परत आल्यावर काय झालं ते मागून घ्या.

मारू नका आणि चुलतभावाशी तुलना करू नका. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. घरात कायदा येत नाही, पण भ्यायलेलं मूल अक्षराकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघून अंदाजाने शब्द फेकतं. रात्री ‘आज काय शिकवलं?’ विचारलं तर ‘काही नाही’ हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा विचारा, खिचडीत आज काय होतं, कुणाशी कट्टी झाली, बाईंनी फळ्यावर काय काढलं? त्यातून वर्गातलं सगळं आपोआप बाहेर येतं.

इंग्रजी माध्यमात आत्ता अजिबात टाकू नका. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, ते त्याचं चालू आहे. मातृभाषेत अडखळणाऱ्या मुलाला तिसरीत माध्यम बदलून दिलं तर तो दोन्हीकडे अडखळेल.

शिकवणीचं माझं मत असं: वाचनासाठी नको. एका खोलीत वीस मुलं बसवून शाळेचा गृहपाठ उतरवून घेतला जातो, तिथे एकेकाचं वाचन ऐकायला कुणाला सवड असते? पण शाळा सुटल्यापासून तुम्ही येईपर्यंत मूल एकटं राहत असेल, तर सुरक्षित जागा म्हणून जरूर लावा आणि त्या ताईंना सांगा की गृहपाठ राहिला तरी चालेल, रोज एक पान वाचून घ्या. दिवाळीपर्यंत नेमाने ऐका. त्यानंतरही अक्षरं उलटसुलट होत असतील, कालचा शब्द आज अनोळखी वाटत असेल, तर वाट बघू नका. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिता येत नाही अशा अडचणीची, तपासणी मोठ्या सरकारी रुग्णालयांत होते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि त्या मुलांना शाळेत सवलती मिळतात. बाईंकडून लेखी निरीक्षण घ्या, त्याच्या वह्या सोबत ठेवा आणि जा.