पेशंट मी बघितला, केअर प्लॅन चॅटबॉटने लिहिला

प्रश्न: ताई, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन (पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा लेखी आराखडा), वर इंटर्नल्स. तीन महिने झाले सगळ्या असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतेय, मार्कही बरे पडतात. परवा न्यूमोनियाच्या पेशंटपाशी मॅडमनी विचारलं, "भरपूर पाणी प्यायला द्या असं लिहिलंयस, ह्यांचे पाय बघितलेस का?" पाय सुजलेले होते, हार्ट फेल्युअरची केस. मला घामच फुटला. आता व्हायवाच्या धास्तीने झोप लागत नाही, मग रात्री परत चॅटबॉटशीच बोलत बसते. बंद करून टाकू का सगळं?

उत्तर: बंद नको करूस, दोन दिवसांत परत चालू करशील. आणि तू आळशी आहेस असंही मला वाटत नाही, एवढं काम अंगावर पडलं की कोणीही सोपी वाट धरतं. पण ते पाण्याचं वाक्य कुठून आलं बघ. न्यूमोनियात कफ पातळ व्हावा म्हणून पाणी वाढवा हे पुस्तकातलं ठरलेलं वाक्य आहे, चुकीचं नाही, पण हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठतं, म्हणून बऱ्याचदा पाणी मोजून द्यायची ऑर्डर असते. तू फक्त न्यूमोनिया टाइप केलं असणार, मग सूज चॅटबॉटला कुठून कळणार?

म्हणून क्रम उलटा कर. वॉर्डमधून आलीस की आधी आपल्या हाताने चार ओळी लिही, पेशंटला श्वास कसा लागत होता, इनटेक-आउटपुट चार्ट (पाणी किती गेलं, लघवी किती झाली) काय म्हणतो, आणि मग चॅटबॉटला म्हण की ह्यात काय सुटलं ते सांगू नकोस, मला प्रश्न विचार. व्हायवाची तयारी त्यातच होते. (पेशंटचं नाव, केस नंबर मात्र चुकूनही टाकायचा नाही. आणि त्याने दिलेले रेफरन्स शोधून बघ, कधीकधी तसा पेपर जगात नसतोच.)

गणिताचंही तेच. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा (म्हणजे १ मिलीला २० थेंब), तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेट मायक्रोड्रिप निघाला, ६० थेंबांचा, तर तेच १२५. सेट कुठला ते सांगितलं नाहीस तर चॅटबॉट स्वतःच एक धरून चालेल आणि उत्तर एकदम ठामपणे देईल, पाकीट बघायचं काम तुझंच.

राहिलं रात्रीचं. त्याच्याशी बोलून हलकं वाटतं हे खरंय, तो कधी वैतागत नाही ना! पण तुझा चेहरा उतरलाय हे त्याला दिसत नाही. रूममेटला सांग, आणि झोप अशीच उडालेली राहिली किंवा जगणंच नको असं वाटायला लागलं तर त्याच दिवशी काउन्सेलर नाहीतर डॉक्टर गाठ.

उद्या मॅडमकडे जा आणि सांग, ती पाण्याची ओळ मला परत लिहायचीय. ओरडतील थोड्या, पण लिहू देतील.