तारखा लावणारा माणूस

म्हापसा

प्रिय मित्रा,

डीजेंना कार्यक्रम मिळवून देणाऱ्या मुंबईच्या एजन्सीचा करार आल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी बाजारात होतो, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

तू एकच विचारलंस: "दादा, ते मला महिन्याला किती कामं देतील?" त्यापेक्षा तू त्यांना विचार, "माझ्यासाठी कुठल्या कामाला नाही म्हणाल?"

आपल्या पेडण्यात दिवाळीनंतर दशावतारी मंडळी जत्रांना फिरू लागतात, ते तू लहानपणापासून बघतोस. राजाची भूमिका करणारा नट कितीही तयारीचा असो, आज कुठलं देऊळ आणि उद्या कुठलं, हे तारखा घेणारा ठरवतो. आज हरमल, उद्या कुडाळ, परवा परत पेडणे असं लावलं की नट जागरणाने थकतो, आणि लोक म्हणतात, याचा आवाज गेला. दोष तारखांचा असतो, नाव नटाचं जातं. डीजेचंही तेच. चांगला एजंट शुक्रवारी पुणे, शनिवारी मुंबई, रविवारी मोप्याच्या विमानतळावर उतरून मोरजीच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचा सेट, म्हणजे सलग वाजवायची पाळी, असा फेरा बसवतो. दुसरा एखादा येईल त्या कामाला हो म्हणून टाकतो. दोघांचं कमिशन सारखंच.

वेळेचंही बघ. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, म्हणजे किनाऱ्यावर मुख्य कलाकार आठच्या सुमाराला चढतो आणि नवा माणूस पाचला, उन्हात, रिकाम्या वाळूसमोर. ही जागा कमी लेखू नकोस. कुणाच्या आधी वाजवतोस यावरून पुढचा आयोजक तुझी किंमत करतो, आणि मोठं नाव त्याच एजन्सीकडे असेल तर ती जागा बहुधा तिच्याच नव्या मुलाला मिळते. त्यांच्या यादीत तुझ्या जातीचं संगीत वाजवणारं कोण आहे, ते आधी पाहा. टेक्नोच्या यादीत तू एकटा सायट्रान्सवाला असशील तर तुला कुणाच्या आधी ठेवणार?

आता माझं सांगतो, कारण ते अजून सलतं. एका वर्षी एजंटने माझी ३१ डिसेंबरची मोठी तारीख लावली होती. करारात अट होती: आधीचे ३० दिवस उत्तर गोव्यात इतरत्र वाजवायचं नाही. आयोजकाला ती हवीच असते, शेजारच्या शॅकवर फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढील? मी ती ओळ वाचली नव्हती. २६ तारखेला ओळखीतल्या एकाच्या आग्रहाखातर त्याच भागातल्या आश्वे किनाऱ्यावर दोन तास वाजवलं आणि त्याने पोस्टर टाकलं. माझी तारीख रद्द झाली, आगाऊ घेतलेली अर्धी रक्कम परत करावी लागली. पैशाचं दुःख ओसरलं. पण एजंटने दोन वर्षं बोलून जमवलेली जागा गेली, आणि त्यानंतर माझं नाव पुढे करताना तो कचरू लागला. चूक सर्वस्वी माझी होती.

पैशाचं थोडक्यात. कमिशन साधारण १० ते २० टक्के, बहुतेक जागी १५. फी ऑल-इन आहे की प्रवास-हॉटेल वेगळं, हे विचारल्याशिवाय आकड्यावर खूश होऊ नकोस. ६०,००० ऑल-इन धर: कमिशन ९,०००, टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, १० टक्क्यांनी ६,०००, विमान आणि खोली मिळून १५,०००. हातात ३०,०००. टीडीएसचा हिशेब रिटर्न भरताना लागेल, पण तोपर्यंत घर चालवायचं आहे.

करार सगळ्या जगासाठी मागत असतील तर देऊ नकोस, आधी भारतापुरता कर, तोही एका वर्षाचा. आपला हंगाम पावसात बंद असतो तेव्हा इबिझाचा ऐन भरात असतो. उद्या युरोपातल्या कुणी तुला मे ते ऑक्टोबर बोलावलं तर ती वाट मोकळी हवी. आणि करार सुटल्यावरही त्यांनी आधी लावलेल्या तारखांचं कमिशन त्यांना द्यायचं असतं. ते रास्त आहे, त्यावर भांडू नकोस.

शनिवारी तारीख नसेल तर संध्याकाळी घरी ये. करार छापून आण, मोबाइलवर नको. समासात लिहायला जागा लागते.

तुझा
दादा