तांबड्या पेशीत एन्झाइम भरून रक्तातलं विष काढता येतं का? वाचकांचे पाच प्रश्न

तांबड्या रक्तपेशीत बाहेरून एन्झाइम (शाळेच्या पुस्तकातलं विकर) भरायचं आणि ती पेशी पुन्हा शिरेतून सोडायची. रक्तातला घातक पदार्थ पेशीत शिरतो, आत मोडला जातो आणि निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो, अशी ही कल्पना. बेळगाव भागातून याबद्दल आलेले प्रश्न आटोपशीर करून इथं घेतले आहेत.

नुसतं एन्झाइम इंजेक्शननं का देत नाहीत? आणि एवढा मोठा रेणू पेशी न फुटता आत जातो कसा?
— बायोटेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी, बेळगाव

उघडं एन्झाइम रक्तात टिकत नाही. प्रथिनं तोडणारी द्रव्यं त्याला खातात. ते जिवाणूपासून बनवलेलं असेल तर शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या डोसला रिअ‍ॅक्शन येऊ शकते. तांबड्या पेशीच्या आवरणाआड ते अँटिबॉडीला सापडत नाही. शिवाय ही पेशी सुमारे १२० दिवस फिरते आणि तिला केंद्रकही नसतं. १९७३ साली अमेरिकेत इहलर आणि सहकाऱ्यांनी अशा भरलेल्या पेशींवरचं पहिलं काम प्रसिद्ध केलं.

भरायची रीत अशी. रुग्णाचं स्वतःचं किंवा जुळणाऱ्या गटाच्या दात्याचं रक्त घेऊन सेंट्रिफ्यूज करतात. प्लाझ्मा आणि पांढऱ्या पेशींचा थर काढून टाकतात. उरलेल्या तांबड्या पेशी सलाइननं धुऊन दाट करतात, इतक्या की त्यांचं प्रमाण ६० ते ७० टक्के भरावं. त्यात एन्झाइम मिसळून ४ अंश सेल्सिअसला कमी क्षाराच्या द्रावणासमोर डायलिसिस करतात, म्हणजे मध्ये पातळ पडदा ठेवून पेशींभोवतीचे क्षार बाहेर झिरपू देतात. रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) साधारण २९० असते, ती इथं १०० च्या आसपास किंवा त्याखाली आणतात. बेदाणा पाण्यात फुगतो तशी पेशी फुगते, आवरण ताणून तात्पुरती छिद्रं पडतात आणि एन्झाइम आत जातं. मग क्षार वाढवून, ग्लुकोजसारखी पोषक द्रव्यं घालून ३७ अंशांवर ठेवलं की छिद्रं मिटतात. शेवटी कमकुवत पेशी फुटून जाव्यात म्हणून थोडा वेळ थांबून पुन्हा धुतात.

बिघडतं ते बहुतेक क्षार कमी करण्याच्या टप्प्यावर. द्रावण फार पातळ झालं तर हिमोग्लोबिन निघून जातं आणि फिकट, पोकळ पेशी उरतात. पुरेसं पातळ नसेल तर एन्झाइम आतच जात नाही. तिसरी चूक डोळ्यांना दिसत नाही: पेशी शाबूत वाटते, पण ताण बसल्यामुळे आवरणाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरिन हा स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूला येतो. प्लीहेतल्या भक्षक पेशींना ती ‘ही काढून टाका’ अशी खूण वाटते आणि कित्येक आठवडे फिरायची पेशी लवकरच गाळली जाते. म्हणून किती एन्झाइम भरलं हा आकडा एकटा पाहू नका. त्यातल्या किती पेशी दुसऱ्या दिवशी रक्तात आहेत, हे विचारा.

भावाला दारूमुळे लिव्हर सिरॉसिस झालाय. अमोनिया वाढला की बरळतो, ओळखत नाही. या पेशींनी अमोनिया काढता येईल का?
— वाचक, निपाणी

ही पद्धत ज्या आजारांना लागू पडावी असं वाटतं, त्यात हा अगदी वरचा. अमोनिया लहान रेणू आहे आणि पेशीत सहज शिरतो. अडचण पुढे येते. ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम अमोनिया पकडून ग्लुटामेट तयार करतं, पण त्याला दर वेळी अल्फा-कीटोग्लुटरेट नावाचा पदार्थ लागतो. तो रक्तातून पेशीत जवळजवळ शिरत नाही आणि तयार झालेलं ग्लुटामेटही बाहेर पडत नाही. आतला साठा संपला की काम बंद. रशियातल्या संशोधकांनी याला जोडीदार दिला. तो म्हणजे अ‍ॅलनिन अमिनोट्रान्सफरेज, तुमच्या लिव्हरच्या रिपोर्टात एसजीपीटी म्हणून दिसतो तोच. तो ग्लुटामेट आणि पायरुवेट (ग्लुकोज मोडताना बनणारा पदार्थ) घेऊन अ‍ॅलनिन बनवतो आणि अल्फा-कीटोग्लुटरेट परत मोकळं करतो. पायरुवेट आत येऊ शकतं, अ‍ॅलनिन बाहेर जाऊ शकतं, त्यामुळे चक्र फिरत राहतं. उंदरांमध्ये अमोनिया उतरलेला दिसला. भावाच्या उपचारात वापरण्याइतकं ते अजून आलेलं नाही.

आज हातात आहे ते नीट वापरा. लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधाचा डोस असा ठेवायचा की दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हावी. बद्धकोष्ठ झाला की दोन दिवसांत बरळणं सुरू होऊ शकतं. डॉक्टरांनी रिफॅक्सिमिन (आतड्यातल्या जिवाणूंवरचं अँटिबायोटिक) दिलं असेल तर ते मध्येच सोडू नका. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका. आणि ‘प्रथिनं बंद’ हा जुना सल्ला ऐकून डाळ, दूध, अंडी तोडू नका, स्नायू झिजले तर अमोनिया आणखी वाढतो.

अमोनियाच्या तपासणीबद्दल एक गोष्ट घरच्यांनी पाहायलाच हवी. नमुना बर्फावर ठेवून साधारण पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, कारण नळीतल्या पेशी अमोनिया बनवत राहतात. निपाणीत काढलेली नळी तशीच गाडीत घालून बेळगावला पाठवली, तर आकडा फुगून येतो आणि घरचे उगाच घाबरतात. जिथं तपासणी होते तिथंच रक्त द्या.

सासऱ्यांचं आठवड्याला तीनदा डायलिसिस चालू आहे. अशा पेशी दिल्या तर ते बंद होईल का?
— गृहिणी, खानापूर

ताई, नाही. युरिया मोडणारं एन्झाइम आहे, युरिएज. पण ते युरियापासून अमोनियाच बनवतं. २० ग्रॅम युरिया मोडला तर सुमारे ११ ग्रॅम अमोनिया, म्हणजे जास्त जहाल पदार्थ पदरात. त्याहून मोठी अडचण पोटॅशियमची. ते मूलद्रव्य आहे, कोणतंही एन्झाइम ते मोडू शकत नाही, आणि अंगात साठलेलं पाणीही काढू शकत नाही. सासऱ्यांच्या जिवाला तातडीचा धोका याच दोघांचा असतो. एकही फेरी चुकवू नका. शहाळ्याचं पाणी आणि केळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते सायनाइडमुळे म्हणतात. त्यावर ही पद्धत चालेल का?
— शेतकरी, अथणी

प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालंय. ऱ्होडनेज हे एन्झाइम सायनाइडला गंधक जोडून थायोसायनेट करतं, आणि ते लघवीवाटे जातं. उंदरांच्या तांबड्या पेशीत ऱ्होडनेज भरल्यावर सायनाइडपासून संरक्षण वाढलं. पण गंधक पुरवणारं थायोसल्फेट पेशीत फारसं शिरत नाही, म्हणून संशोधकांना दुसरे गंधकदाते शोधावे लागले.

गोठ्यात मात्र वेळ मिनिटांत मोजायची. धाप, अडखळत चालणं, लाळ आणि नेहमीपेक्षा लालभडक हिरड्या दिसल्या की लगेच पशुवैद्यकाला किंवा १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्तात प्राणवायू असतो, पण तो ऊतींना वापरता येत नाही, म्हणून ती लाली. डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्राइटमुळे काही हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं आणि ते सायनाइडला धरून ठेवतं. म्हणजे तांबड्या पेशीचा सापळा या जुन्या उपचारातही आहेच. नायट्राइट जास्त झालं तर प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिनच उरत नाही, तेव्हा हे इंजेक्शन घरी कुणी देऊ नये. पावसानं ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी आणि कापणीनंतर आलेले फुटवे सर्वांत धोक्याचे. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत जनावर त्यात सोडू नका.

‘एन्झाइमनं रक्तशुद्धी’ अशी जाहिरात पाहिली. असा उपचार कुठं मिळतो का? चाचणीत नाव घालता येतं का?
— निवृत्त शिक्षक, चिकोडी

सर, एन्झाइम भरलेल्या तांबड्या पेशींचं विक्रीला मंजूर झालेलं उत्पादन अमेरिकेत किंवा युरोपात नाही, मग गल्लीतल्या केंद्रात कुठून येणार? सर्वांत पुढे गेलेलं औषध होतं एरिअ‍ॅस्पेज. त्यात अ‍ॅस्पॅराजिनेज भरलेलं होतं, म्हणजे कर्करोगाच्या पेशींना लागणारं अ‍ॅस्पॅराजिन रक्तातून काढून त्यांची उपासमार करायची. स्वादुपिंडाच्या कर्करोगातल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला आणि रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. दुर्मीळ जन्मजात आजारांत काम चालू आहे. उदाहरणार्थ, थायमिडीन (डीएनएचा एक घटक) अंगात साठणाऱ्या एमएनजीआयई या आजारात ते मोडणारं थायमिडीन फॉस्फोरिलेज हे एन्झाइम भरलेल्या पेशी लंडनमध्ये काही रुग्णांना दिल्या गेल्या आहेत. आमच्या मते खरी आशा इथंच आहे: एकच घातक पदार्थ, तो पेशीत शिरणारा, आणि उपचार आयुष्यभर लागणारा.

कुणी ‘चाचणी आहे’ म्हणालं तर सीटीआरआय (औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि तो सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. नैतिक समितीची मंजुरी कुणाची, हे विचारा. प्रायोगिक औषधाचे पैसे मागितले तर तिथून उठा. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेतच हवं, असा नियम आहे. ते फक्त कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि तुम्हाला मराठीच नीट वाचता येत असेल, तर मराठी प्रत मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ती हातात येऊन घरी शांतपणे वाचून होईपर्यंत सही करू नका.